वरच्या अंगाची खबर

वाघमारे मॅडम ऑफिसात आल्या, की पर्स खांद्यावर असतानाच नेपाळला फोन लावायच्या. तिकडे कर्णाली नदीची पातळी मोजणारे थापाजी असत. आधी त्यांच्या म्हशीची चौकशी, मग पाण्याची. लखनौच्या आमच्या पूर-इशारा कक्षात सगळे त्यावर हसत. तीच नदी खाली आपल्याकडे घाघरा होते. तिचे सरकारी आकडे दिल्लीमार्गे येत. दोन्ही सरकारांचं बिनसलं की रखडत.

मॅडम मूळच्या नांदेडच्या, गोदाकाठच्या. मी नवी इंजिनिअर, मराठीच. मला म्हणायच्या, "पोरी, वरच्या अंगाला कोण बसलंय ते खालच्यानं ओळखून असावं. त्याचं आपल्यावाचून अडत नाही, आपलं अडतं."

त्या ऑगस्टात तीन दिवस दिल्लीहून आकडे आलेच नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी थापाजींचाच फोन आला. "दीदी, पानी निशान के ऊपर चला गया. खंभा ही नहीं दिख रहा."

मॅडमनी इशारा लिहायला घेतला तसे आमचे कक्षप्रमुख साहेब धावत आले. "मैडम, लिखित में कुछ है? एक परदेसी के फोन पर इतने गाँव खाली कराएँगी?"

"सर, लिखित आने तक पानी आ जाएगा." त्यांनी स्वतःच्या नावाने सही केली.

काठावरची माणसं पुरासाठी घातलेल्या उंच बांधावर हलवली गेली. आणि पाणी चढेना. एक तास गेला, दोन गेले. जिल्ह्यातून फोन आला, "यहाँ धूप निकली है, लोग गाली दे रहे हैं." थापाजींचा फोन लागत नव्हता. साहेब दारात उभे. मॅडम ओठ घट्ट मिटून पडद्यावरच्या घाघरेच्या पातळीच्या त्याच आकड्याकडे बघत बसल्या होत्या.

पाचच्या सुमाराला आकडा हलला. मग थांबलाच नाही. दिवस मावळायच्या आत गावांत छातीभर पाणी होतं. घरं गेली, गुरं गेली; माणसं बांधावर होती.

आठवड्याने मॅडमना नोटीस आली: परवानगीविना परदेशी नागरिकाशी संपर्क का साधला? त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, "पाणी त्यांच्याकडून येते, म्हणून त्यांना विचारले." महिन्याभरात बदली झाली.

चारबाग स्टेशनवर मी सोडायला गेले. विचारलं, "पुन्हा असंच कराल?"

"करीन की." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण ते दोन तास पाणी चढंना ना, तेव्हा मी मनात म्हणत होते, येऊ दे रे पूर. का, तर मी खरी ठरावी म्हणून. ते काही माझ्यानं विसरलं जात नाही."