आमेर बसच्या ड्रायव्हरची साखर

नळीतलं निळं औषध उकळून विटकरी झालं, तेव्हा दुपार कलली होती आणि मला घरी जायचं होतं. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. जयपूरच्या एका इस्पितळात मी ज्युनिअर पॅथॉलॉजिस्ट होते. तेव्हा साखर बघायची पद्धत साधी होती. त्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. साखर नसेल तर ते निळंच राहतं, थोडी असेल तर हिरवं-पिवळं होतं, भरपूर असेल तर विटकरी.

घरून आणलेली ही लघवीची बाटली रामनिवासची. आमेरच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागायची होती, त्याचं मेडिकल. माणूस धडधाकट. तहान फार लागते का, वजन उतरलंय का, असं सगळं विचारलं. तो नाही म्हणत राहिला.

मी साहेबांकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे गेले. ते मान वर न करता म्हणाले, "अनफिट लिहा आणि मोकळ्या व्हा. बाहेर रांग आहे."

रांग होतीच. पण इतकी साखर आणि लक्षण एकही नाही, हे पटेना. मी रामनिवासला म्हटलं, आत्ता इथंच पुन्हा नमुना दे. तो जागचा हलेना. मग खाली बघत म्हणाला, "डाक्टरनीजी, वो मेरा नहीं था. घरवाली का था."

त्याचे वडील शुगरने गेले होते. आपल्यालाही निघेल या धास्तीनं त्यानं बायकोची लघवी आणली होती. ती कधी आजारी पडत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याची स्वतःची तपासली. औषध निळंच राहिलं.

तो सुटल्यासारखा हसला. मी म्हटलं, "तू ठीक आहेस. बायकोला आण."

तेव्हा कुठे त्याला आठवायला लागलं. ती सारखं पाणी पिते, ते उन्हामुळे असेल असं वाटलं होतं. वाळत चाललीय. पायाची जखम दिवाळीपासून भरत नाही.

दुसऱ्या दिवशी गुलाब घुंगट ओढून, लंगडत आली. रक्तातही साखर फार होती. पायाचा अंगठा काळा पडला होता. सर्जननी तो काढला, पाय वाचला. इन्सुलिन सुरू झालं, सुई टोचायला रामनिवास शिकला. तपासणी न करताच तिचा आजार कसा कळला, हे तिनं मला एकदा विचारलं. मी ते नवऱ्याला विचारायला सांगितलं.

त्याला नोकरी मिळाली. मी मात्र नोकरीच्या मेडिकलचे नमुने तेव्हापासून लॅबमध्येच घेऊ लागले. लघवी खोटं बोलत नाही, पण ती कुणाची हे तिला सांगता येत नाही.