पाचव्या महिन्यातली रपेट

परवा इथे इस्रायलात, बेरशेवाच्या बाजारात खोगिराला लावतात त्या तेलाचा वास आला आणि मला डिमोनाजवळचा तबेला आठवला.

मी तिथे घोडेस्वारी शिकवायची. तेव्हा मला पाचवा महिना चालू होता. डॉक्टरीण म्हणाली होती, "सवय आहे तर सावकाश बस, पण पडू नकोस." पडायचं नाही, हे काय कुणाच्या हातात असतं? तरी सहा महिने भरेपर्यंत बसायचं, असं मी ठरवलं होतं.

त्या सकाळी आई बसने तिथे आली. जन्मभर घोड्यांना घाबरणारी माझी आई कुंपणाला धरून उभी राहिली. "उतर गो बाय," ती म्हणाली. "पुरे, आई," तिच्या मराठीला मी हिब्रूतून झिडकारलं.

तेवढ्यात लढाऊ विमान अगदी खालून गेलं. घोडी उसळली. माझा पाय रिकिबीतून सुटला, पोट गच्च आवळलं. मी आयाळीला लोंबकळत राहिले. घोडी थांबली तेव्हा लगाम आईच्या हातात होता. ती कुंपणातून कधी आत शिरली, मला कळलंच नाही.

मी उतरले. आता ही ओरडणार, असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "हलतंय का बघ."

पोटावर हात ठेवून आम्ही दोघी वाळूत बसून राहिलो. बराच वेळ काहीच जाणवलं नाही. मग आतून एक लाथ बसली आणि आई रडू लागली.

बाळंतपण होईतो मी पुन्हा खोगिरावर बसले नाही. आईच्या भित्रेपणापायी तेव्हा घोड्यावर बसणं सुटलं, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत असे. त्या सकाळी उसळत्या घोडीसमोर ती एकटी धावली होती, हे मात्र कधीच सांगितलं नाही.