रडणाऱ्याची गाठ

दीक्षाच्या मांड्यांवर पट्ट्याचे निळसर वळ दिसले आणि मंजुळाच्या हातातली तेलाची वाटी हातातच राहिली. रविवारची सकाळ होती. न्हाण्याआधी केसांना तेल लावून घ्यायला लेक घरातल्या अर्ध्या चड्डीवर समोर बसली होती.

"हे काय गं?"

"काही नाही. खोगिराचे आहेत."

"कसलं खोगीर?"

मग सगळं बाहेर पडलं. दीक्षा दोन महिने दर सुट्टीला कापड्याच्या वरच्या वाडीत जात होती. घरी सांगितलं होतं, जमिनीवरून दुर्बिणीने गिधाडाचं घरटं बघायचं असतं, वनखात्याची परवानगी आहे, बरोबर महाडची पक्षीनिरीक्षक मुलं आहेत. त्यातलं परवानगीचं आणि मुलांचं खरं होतं. पण घरटं होतं सातविणीच्या शेंड्याला, आणि खालून त्यातलं काहीच दिसत नव्हतं. पिल्लू खातं किती, आई-बाप किती वेळाने येतात, हे लिहून घ्यायचं तर समोरच्या बेहड्याच्या झाडावर चाळीस फूट उंच जाऊन बसायला हवं. बसायला रुंद पट्ट्यांची एक बैठक असते. ती कमरेला आणि मांड्यांना आवळायची, दोराने खोडाला अडकवायची आणि पाय बुंध्याला लावून मागे रेलून तासन् तास बसायचं. इंग्रजीत तिला सॅडल म्हणतात. वाडीतल्या हैबतीबाबांनी त्या शब्दाचं खोगीर केलं होतं, आणि दीक्षा दोन महिने जमिनीपासून हातभर उंचीवर त्यात बसायचा सराव करत होती.

"आणि आता येत्या रविवारी मी पहिल्यांदा वर जाणार," दीक्षा म्हणाली. "पण बाबा सोडत नाहीत. म्हणतात, आईला घेऊन ये."

"मला कशाला?"

"शेवटची गाठ तू मारायची. ती घरच्यांनीच मारायची असते म्हणे."

मंजुळा महाडच्या कोर्टात रेकॉर्डला होती. सव्वीस वर्षं तिने खटल्यांच्या कागदांचे बस्ते बांधले आणि सोडले होते. ती भांडली नाही, रडलीही नाही. लेकीच्या केसांत बोटं फिरवता फिरवता तिने मनाशी ठरवून टाकलं. गाठ माझ्या हातात आहे ना? मग मी मारणारच नाही. गाठ नाही तर चढणं नाही. झाला विषय.

पुढच्या रविवारी पहिल्या एसटीने दोघी पोलादपूरला उतरल्या, तिथून कापडे, आणि पुढे तासभर चढण. वाडी सात-आठ घरांची, त्यातल्या निम्म्यांना कुलपं. हैबतीबाबा अंगणात दोर पसरून बसले होते. सत्तरीला आलेला सडसडीत माणूस. बोटांची टोकं मात्र दाबून बसवल्यासारखी चपटी. डोळे मिटून ते हातभर-हातभर दोर चिमटीतून सरकवत होते.

"जय भीम, बाबा," मंजुळा म्हणाली.

"जय भीम, बाय. बस. जरा थांब हां, मधी सोडला तं पुन्ना पयल्यापासून बघावा लागंल." त्यांनी दोर टोकापर्यंत चाचपला. मग डोळे उघडून हसले. "डोल्यानं दोर चांगलाच दिसतो. खराबी बोटाला कळते."

चहा होईपर्यंत मंजुळाला त्यांचं बरंचसं आयुष्य कळलं, कारण दीक्षाला ते पाठ होतं आणि ती सांगत होती. बाबा पूर्वी डुकराच्या शिकारीला झाडावर बसत. भाताची नासाडी व्हायची, म्हणून गावच त्यांना बसवायचं. केवणीच्या सालीचा दोर ते स्वतः वळायचे, गोणपाटाची बैठक शिवायचे आणि रात्र रात्र फांदीला टेकून राहायचे. शिकार बंद झाल्याला जमाना लोटला. मग महाडची मुलं रंगीत दोर आणि लोखंडी कड्या घेऊन आली, तेव्हा त्यांना बसायला शिकवणारा माणूस आयताच सापडला.

"बंदुकीचं काम दोन मिंटाचं," बाबा म्हणाले. "बाकी रातभर नुसतं बसनं. ह्या पोरांना चढता येतं, बसता येत नाय. तुजी पोर बसते. मुंगी चावली तरी हलत नाय."

"घरी पाच मिनिटं जेवायला बसत नाही," मंजुळा म्हणाली.

"तितं गिधाड नसल," बाबा म्हणाले, आणि दीक्षा चहात फुर्र करून हसली.

बेहडा वाडीच्या मागे घळीच्या तोंडावर होता. महाडच्या मुलांनी दोन दिवस आधी येऊन फांदीवरून दोन दोर सोडले होते, एक उतरायचा आणि एक जादाचा. मुलं आज पलीकडच्या डोंगरावर दुसऱ्या घरट्याकडे गेली होती. बाबांनी दोन्ही दोर पुन्हा तपासले, स्वतःचं सगळं वजन टाकून झोका घेतला. मग उतरायच्या दोराचं टोक मंजुळाच्या हातात दिलं.

"उतरताना मानसाला खाली बघता येत नाय. दोर संपला तरी हात सरकतच ऱ्हातो. म्हनून टोकाला गाठ. मानूस कडंवरून घळीत जायच्या आदी गाठ कमरंच्या कडीला अडकते. आमच्यात हिला रडनाऱ्याची गाठ म्हनतात. ज्याला रडावं लागंल, त्यानं मारायची. दुसरा मारल तो हातानं मारल. रडनारा जिवानं मारतो."

मंजुळाने टोक हातात धरलं आणि ठरवून आणलेलं वाक्य बोलली. "मी नाही मारणार, बाबा. माझी परवानगी नाही."

दीक्षाचा चेहरा उतरला. बाबा रागावले नाहीत. दगडावर बसून त्यांनी पाठीला पाठ लावावी तसं बेहड्याला टेकून घेतलं.

"माजा थोरला भाऊ व्हता, मालोजी. आमच्या आवडीआयेचा भारी जीव त्याच्यावर. लगीन ठरल्यावर आये म्हनली, आता शिकार पुरे. त्यानं दोर फुडं केला तं म्हनली, मी गाठ मारीत नाय, बघू कसा जातोस." बाबांनी वर फांदीकडे पाहिलं. "तो गेला. गाठ तेवढी ऱ्हायली."

"मग?"

"उतरताना दोर संपला. बारा-पंधरा हात खाली गेला. जगला, पन पाय गेला. जन्मभर लंगडत व्हता. आयेनं त्याच्यावर कदी राग धरला नाय. सोताच्या हाताकडं बघायची नि गप बसायची."

मंजुळाने लेकीकडे पाहिलं. दीक्षा खाली मान घालून खोगिराचा पट्टा उगाच आवळत होती. आज नाही म्हटलं तर ही आज जाणार नाही, मंजुळाला वाटलं. पुढच्या महिन्यात जाईल, आणि तेव्हा मला सांगणार नाही. वळ तरी कुठे सांगितले होते?

तिने दोराचं टोक वळवलं आणि गाठ मारली. बाबांनी शेपूट धरून हलका हिसका दिला. गाठ पटकन सुटली.

"ही सुटायसाठी मारलीस, बाय."

मंजुळा शरमली. सव्वीस वर्षांचा हात! बस्ता पुढच्या तारखेला सोडायचाच असतो, म्हणून कोर्टात सगळे सुरगाठ मारतात. बोटांनी आपली ओळखीची वाट धरली होती.

"हितं निरगाठ. दोन वेढे, टोक त्यातून आरपार, नि वीतभर शेपूट. आता वड. आनखी वड. रडं येस्तवर वड."

तिने ओढली. तळहात लाल झाले. बाबांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि मान हलवली.

दीक्षा वर गेली. पानांत तिचे बूट दिसेनासे झाले, मग नुसता दोर हलत राहिला, मग तोही थांबला. मंजुळाने घरून आणलेल्या डब्याचं झाकण उघडलं नाही. तीन तास ती मान वर करून बसली. दुपारी एक गिधाड पंख न हलवता गोल गोल खाली आलं आणि सातविणीवर बसलं. वरून आनंदाचा एक दबका हुंकार आला, आणि मंजुळाला कितीतरी वर्षांनी बाळंतिणीच्या खोलीतली तान्ही दीक्षा आठवली, झोपेत अशीच हुंकारणारी.

उतरताना ते झालं. दीक्षा निम्मं अंतर आली, आणि थांबली. दोराला लटकून, मान एका बाजूला वाकडी.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, पिल्लू बिथरू नये म्हणून. "वेणी अडकली."

बाबा पुटपुटले, "टोपीखाली घाल सांगितलं व्हतं." पण वेणी मंजुळाने घातली होती, सकाळी, लांब आणि मोकळी, लेकीला आवडते तशी. उतरायच्या कडीत दोराबरोबर केस ओढले गेले होते. खाली सरकलं की आणखी ओढले जात, आणि वर जायला दोन्ही हात मोकळे लागत. एक हात दोर सोडू शकत नव्हता.

बाबांनी कोयता काढून दगडावर ठेवला. ताणलेल्या दोराजवळ पातं न्यायचं नसतं. मग त्यांनी कमरेला जुनी गोणपाटाची बैठक बांधली, जादाच्या दोराला चढायचे दोन फास अडकवले, आणि तिथेच उभे राहिले. दोराचं मोकळं टोक हातात घेऊन.

"बाबा, काय झालं?"

"काय नाय." ते टोकाकडे बघत होते. "माजी गाठ माजी घरवाली मारायची, सुंदराबाय. ती गेल्यापासून चढलो नाय. लोक समजतात गुडगं गेलं."

मंजुळाने पुढे होऊन टोक त्यांच्या हातातून घेतलं. दोन वेढे, आरपार, वीतभर शेपूट. लाल झालेल्या तळहातांनी तिने ती ओढली, आणि या वेळी हिसका देऊन तिनेच पाहिली.

बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चढायला लागले. एक फास वर सरकवायचा, त्यावर उभं राहायचं, दुसरा सरकवायचा. घाई नाही, धाप नाही. दीक्षाजवळ पोचून त्यांनी तिचं खोगीर आपल्या बैठकीला आखूड दोराने अडकवलं आणि तिला लहान पोरासारखं मांडीवर उचललं. दोर सैल झाला. केस एकेक करून निघाले, थोडे तुटले. मग आखूड दोर सोडून दोघं आपापल्या दोराने खाली आली, आधी ती, मागून ते.

दीक्षाने आईच्या खांद्यावर तोंड लपवलं. मंजुळाने तिच्या टाळूवर हात ठेवला. त्या जागी केस उपटून लालसर गोल झाला होता.

"पुढच्या वेळी अंबाडा," मंजुळा म्हणाली.

दीक्षाने मान वर केली. "पुढच्या वेळी?"

"टोपीखाली. आणि वळ उमटले की मला दाखवायचे."

बाबा दोर गुंडाळायला लागले होते. गुंडाळायच्या आधी प्रत्येक गाठ सोडायची, हा त्यांचा शिरस्ता. दीक्षाच्या दोराची गाठ त्यांनी दगडावर आपटून, मळून सोडवली. दुसऱ्या दोराशी मात्र बराच वेळ झटापट चालली. चपटी बोटं थकली, दात लावून झाले.

"बाय, ही काय सुटत नाय."

"सुटायसाठी मारलीच नाही, बाबा," मंजुळा म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडून तिने पहिली भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी तो दोर गाठीसकट गुंडाळला.