आक्काचं कॉलेज

मी कॉलेजातून दोनदा नापास होऊन परत आलो, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या थोरल्या बहिणीने घरात बसून त्या कॉलेजातलं किती शिकून घेतलं होतं, ते मात्र माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. आमची जमीन वलगावची, काळी, कसदार. त्या वर्षांत गावात कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, कोणी पोरीच्या लग्नात अमरावतीहून वाजंत्र्यांचे चार ताफे आणले. आमच्या बाबांनी मला मुंबईला कॉलेजात घातलं.

आगगाडी तेव्हा वऱ्हाडात आली नव्हती. खानदेशापर्यंत बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, तिथून पुढे गाडी धरायची. कॉलेजात सकाळी भूमिती आणि बीजगणित, मग संस्कृत. दुपारी इंग्रजी कविता, इंग्लंडचा इतिहास, तर्कशास्त्र. आठवड्यातून दोनदा रसायन. त्या तासाला साहेब काचेच्या नळीत काहीतरी जाळत आणि सगळा वर्ग खोकत बाहेर पडे. संध्याकाळी चित्रांचा वर्ग होता, तिथे मी सहा महिने एक प्लास्टरचा पाय काढत होतो. सगळं इंग्रजीत. एका विषयातून डोकं वर काढावं तर दुसऱ्यात बुडे. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मला फक्त झोपायचं होतं.

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. अठराव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली. आमच्यात पाट लागतो, विधवेचं पुन्हा लग्न होतं, म्हणून बाबा स्थळं पाहत होते; ती काही ना काही सांगून पुढे ढकलत होती. अक्षरं तिला मीच लहानपणी शिकवली होती. ती रेचा फिरवत कापसातली सरकी काढत बसे आणि मला हाक मारी.

"काय शिकून राहिला रे बाबू तिकडे?"

"लय काही."

"लय म्हणजे काय? एकेक सांग मले."

मी जांभया देत सांगत असे. तर्कशास्त्राचा पहिला धडा सांगितला : सगळी माणसं मरतात, राजा माणूस आहे, म्हणून राजाही मरतो. तिचा रेचा क्षणभर थांबला. "हे शिकवाले साहेब कायले पायजे?" ती म्हणाली. "हे मले ठाऊक हाये." प्लास्टरच्या पायाचं ऐकून मात्र ती खूप हसली. "नुसता पायच? मानूस कधी काढशीन मंग?"

भूमितीने तिला धरलं ते सोडलंच नाही. मी तिला मराठीतलं भूमितीचं पुस्तक आणून दिलं होतं. दुसऱ्या सुट्टीत आलो तर तिने ते शेवटापर्यंत नेलेलं. कोळशाने जमिनीवर आकृत्या काढून ती मलाच विचारू लागली, आणि माझ्या चुका काढू लागली. "याच्यात कोनाचं आयकाव लागत नाई," ती म्हणायची. "आपलं आपल्याले दिसते."

तिसऱ्या खेपेला मी नापास होऊन आलो होतो. दुसऱ्याच दिवशी ती पुस्तक घेऊन समोर बसली. "पुढचं सांग."

"त्याचं नाव काढू नको माह्यासमोर," मी ओरडलो. "झोपू दे मले."

"बरं," ती म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर तिने विचारलं नाही. त्याच साली ती पाटाला तयार झाली. अकोल्याजवळच्या एका गावचा बिजवर, पहिल्या बायकोची एक मुलगी. मी पुन्हा परीक्षेला बसलो, पुन्हा नापास झालो आणि अकोल्याला जमीन-मोजणीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो.

मोजणी फिरत फिरत तिच्या गावी आली. मोजणीदार अकोल्याचे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. ते मोजणीची साखळी टाकायला लावून आकडे सांगत, मी वहीत उतरवत असे. आक्काच्या नवऱ्याचं नाल्याकाठचं शेत तिकोनी, एका बाजूचा धुरा म्हणजे बांध तिरपा. आम्ही मोजून, हिशेब मोठ्याने करून निघालो, तेवढ्यात कापूस वेचणाऱ्या बायांतून ती डोईवरचा पदर सावरत माझ्याकडे आली.

"बाबू, इकडून मोजलं, तिकडून मोजलं, अन् गुणून निमं केलं. पन हे धुऱ्याची बाजू तिरपी हाये. लंब कुठी टाकला?"

मी वहीत पाहिलं. मला लगेच कळलं नाही. दोन वेळा त्या विषयाची परीक्षा दिलेला मी, उन्हात वही धरून उभा राहिलो.

"क्या हुआ?" मोजणीदारांनी वैतागून विचारलं.

आक्का पुढे आली. खाली वाकून विळ्याच्या टोकाने मातीत तिने ते शेत काढलं आणि टोकापासून समोरच्या बाजूवर सरळ रेघ ओढली. मोजणीदारांनी वाकून ती रेघ पाहिली. मग म्हणाले, "बाई बराबर बोलती है. साखळी फिरसे डालो." शेत वहीतल्यापेक्षा लहान निघालं. पुढे कित्येक वर्षं जादा सारा भरावा लागला असता, तो वाचला.

"कौनसे मदरसे में पढ़ी?" त्यांनी मला विचारलं.

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "यानंच शिकवलं."

दुपारी तिने आम्हाला जेवू घातलं. मोजणीदार हात धुवायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुही बाकीची पुस्तकं हायेत का रे? इतिहासाचं? तर्काचं?"

"मुंबईतच विकली."

"मंग आठवते तेवढं सांग."

मी आठवून पाहिलं. इंग्लंडच्या राजांची चार-पाच नावं आली, त्यांचा क्रम आला नाही. कवितेची एक ओळ आली, तिचा अर्थ आला नाही. मग कापूस राहिलाय म्हणून ती शेतात गेली.

तिला मराठीतली पुस्तकं मागवून द्यायची असं मी त्याच दिवशी ठरवलं. मग कंटाळा केला. पुढच्या वर्षी ठरवलं, तेव्हाही कंटाळाच केला. शेवटी मागवली तोवर आगगाडी अकोल्याला आली होती, लढाई संपून कापसाचा भाव उतरला होता, आणि आक्काला स्वतःची दोन मुलं झाली होती, एक पाठीवर, एक पायाशी. तिने गाठोडं सोडलं. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन पाहिलं, एकाचं पान उलटलं, आणि सगळी पुन्हा नीट बांधली.

"ठेव तिकडे फळीवर," ती म्हणाली. "सवड झाली का वाचीन."

दोन वर्षांनी गेलो तेव्हा गाठोडं फळीवर तसंच होतं, गाठसुद्धा तीच. आक्का चुलीपुढे बसली होती, तिचे डोळे धुराने लाल झाले होते. "थकला दिसतं," ती मला म्हणाली. "पड जरासा."

मी तिथेच घोंगडीवर आडवा झालो आणि संध्याकाळपर्यंत झोपलो.