पाचव्या मजल्यापर्यंत श्वास

माझा मामा सव्वीस वर्षं एका सात मजली कचेरीत लिफ्ट चालवतो. लिफ्ट जुनी आहे. जाळीचं दार हातानं ओढायचं, मग दांडा फिरवायचा. आत आठ माणसं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मामा. तिथं त्याला सगळे कप्तान म्हणतात, आणि कौतुकानं कोणी ना कोणी यंत्रातली दुधाळ कॉफी आणून त्याच्या हातात ठेवतं. नाही म्हणणं मामाच्या जिवावर येतं. दिवसाला पाच-सहा पेले सहज होतात.

पोटाचा विषय त्यानं घरात कधी काढलाच नाही. जेवून उठला की दार लोटून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. आम्हाला वाटायचं, हवा खातोय. मामी म्हणायची, खात नाही गं, सोडतोय. आम्ही हसायचो, तोही हसायचा, पण कान लाल व्हायचे त्याचे. वजन उतरायला लागलं तेव्हा मामीनंच त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं आणि डॉक्टरांनी श्वासाची तपासणी लिहून दिली.

मामीला सुट्टी नव्हती, म्हणून सोबत मी गेले. आदल्या दिवशी फक्त भात आणि उकडलेलं अंडं, रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. तपासणीच्या खोलीत दोन खुर्च्या, टेबलावर एक लहानसं यंत्र, भिंतीवर घड्याळ. तपासणारी मुलगी माझ्याच वयाची. तिनं नीट समजावून सांगितलं. दुधातली साखर पाण्यात विरघळवून प्यायला देणार. ती पोटात पचली नाही, तर आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार करतात. त्यातला थोडा रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. दर अर्ध्या तासानं नळीत फुंकायचं, असं तीन तास. यंत्र आकडा दाखवतं.

"म्हणजे काही लपत नाही," मामा म्हणाला.

"यंत्रापासून तरी नाही, काका. आता खोल श्वास घ्या, पंधरा सेकंद धरा, मग हळूहळू सगळा सोडा."

मामानं श्वास धरला. पंधरा झाले, वीस झाले, तीस झाले. "पुरे काका, सोडा," ती म्हणाली. "पोहायला जाता का?"

"लिफ्ट चालवतो."

तिला वाटलं, विनोद केला. मलाही तेच वाटलं.

पहिला आकडा चार. साखरेचं पाणी प्याल्यावर अर्ध्या तासानं सात. मग एकोणतीस. मग अठ्ठ्याऐंशी, आणि त्याच वेळी मामाचं पोट असं काही गुरगुरलं की मुलीनं हसू दाबायला मान खाली घातली. दूध पचत नाही हे दिसतंच आहे, ती म्हणाली, खूप जणांना असतं, घाबरायचं काही नाही. राहिलेलं फुंकणं तेवढं पूर्ण करू. ती बाहेर गेली. मामा त्या आकड्याकडे बघत राहिला, वर्गात कॉपी सापडलेल्या मुलासारखा.

मग त्यानं सांगितलं, माझ्याकडे न बघता. लिफ्टमध्ये पोट आवळायचं म्हणजे श्वासही आवळावा लागतो. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत, तिथं बहुतेक जण उतरतात. रोज.

दोन वर्षांपूर्वी एकदा जमलं नाही. सकाळची वेळ, लिफ्ट भरलेली. पाचव्या मजल्यावरच्या हिशेबनीस बाईंनी रुमाल नाकाला लावला. कोपऱ्यात सफाईच्या मावशी उभ्या होत्या, ओली फडकी आणि भरलेली बादली घेऊन. सगळ्यांनी बादलीकडे बघितलं.

"मी पण बघितलं," मामा म्हणाला.

चार दिवसांत वरून कागद आला: सफाई कामगारांनी जिना वापरावा. तो लिफ्टशेजारी मामानंच चिकटवला, चारही कोपऱ्यांना गोंद लावून. मावशींचे गुडघे धड नाहीत. नळ तळमजल्यावर. दोन वर्षं त्या बादली घेऊन पाच मजले चढतायत, दिवसातून दोनदा.

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. म्हटलं, आजारच होता मामा, तुझा काय दोष?

"दूध पचलं नाही, त्यात माझा दोष नाही गं. बादलीकडे बघितलं, त्याचं काय?"

दार उघडलं. मुलगी म्हणाली, "काका, श्वास धरा." ह्या वेळी त्याला दहासुद्धा मोजून होईनात.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत लवकर गेला आणि जिना चढला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मावशी टेकल्या होत्या, बादली शेजारी. त्यानं रिपोर्टचा कागद पुढे केला. मावशींनी चष्मा नाही म्हणून हात हलवला. मग त्याला तोंडानं सांगावं लागलं, वास माझा होता म्हणून.

"ठाऊक आहे दादा. माझी फडकी मीच धुते ना. त्यांचा वास मला कळायचा नाही?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल."

हे त्यानं मामीला सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. मामीनं त्याचा कोरा चहा पुढे सरकवला आणि आत निघून गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दहाच्या गर्दीत, रांग लागलेली असताना, त्यानं लिफ्टशेजारचा तो कागद नखानं खरवडून काढला. हिशेबनीस बाईंनी विचारलं, कप्तान, कोणी सांगितलं काढायला? त्यानं सांगितलं: कोणी नाही, तो वास माझा होता, तपासून आलोय. बाई हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिल्या. रांगेत मागे कोणीतरी हसलं. दुपारी कॉफी कोणी आणली नाही.

परवा मामा चष्मा घरी विसरला, तो द्यायला मी कचेरीत गेले. लिफ्टचं दार उघडं होतं. मावशी आल्या, भरलेली बादली आत ठेवली आणि म्हणाल्या, "ही तेवढी पाचव्यावर न्या."

"तुम्ही पण या की, मावशी."

"मी येते पायानं."

आम्ही वर गेलो, मामा, मी आणि बादली. पाचव्या मजल्यावर त्यानं दार उघडलं आणि हातानं धरून उभा राहिला. खालून घंटा वाजत होती, कोणीतरी जाळी खडखडवत होतं. जिन्यावरून मावशींची पावलं येत होती, एक पाय, मग दुसरा, मग थांबणं.

मामा दार धरून उभा होता.