माझ्या अक्षरातलं कार्ड

विलायतेहून कायद्याची पदवी घेऊन परत आलो, तेव्हा भंडाऱ्यात मला पहिलं काम मिळालं ते कोट घालून बसण्याचं.

आमचं घर पवनीजवळच्या एका खेड्यातलं, धानाच्या शेतीवर जगणारं. नागपूरला एलएल.बी. झालो, सनद घेतली, आणि लगेच एका शिष्यवृत्तीवर इंग्लंडात दोन वर्षं राहून एलएल.एम. केलं. सत्तरच्या दशकाचा मध्य होता. परत आलो तेव्हा गावाने डफडी वाजवत मला एसटीच्या थांब्यावरून घरी नेलं. पोट्टा आता जज होणार, असं सगळ्यांनी बाबांना सांगून टाकलं. जज होण्याच्या परीक्षेला आधी वकिलीची काही वर्षं लागतात आणि माझ्याकडे एकही नाही, हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पुढचे आठ महिने मी अर्ज करत होतो. जवाहरनगरला माझी बहीण राहायची, भाऊजी कारखान्यात होते, त्यांच्या क्वार्टरमध्ये मी मुक्काम ठोकला. कॉलेजं विचारायची, ही तिकडची पदवी इकडच्या पदवीच्या बरोबरीची आहे याचा दाखला कुठे आहे? दाखला देणाऱ्या कचेरीला तिकडच्या विद्यापीठाचं पत्र हवं होतं. दीड महिन्याने पत्र आलं, तर त्यावर इथल्या अधिकाऱ्याची सही हवी होती. त्या अधिकाऱ्याच्या बाबूने माझे कागद उलटसुलट करून पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, की तिकडे परीक्षा मराठीतून देता येते का. नागपूरच्या एका कंपनीने सांगितलं की तुम्ही फार शिकलेले, इथे टिकणार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी म्हणाले, अनुभव शून्य. एकाच माणसाला लोक एकाच आठवड्यात जास्त आणि कमी ठरवत होते.

भाऊजी आयटीआय झालेले. ते मला कधी काही बोलले नाहीत. फक्त पेपरातल्या जाहिराती ब्लेडने नीट कापून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचे. त्या कात्रणांची मला लाज वाटायची, आणि लाजेचा राग यायचा.

शेवटी भंडाऱ्याच्या एका ज्येष्ठ वकिलांनी निरोप पाठवला. जिल्ह्यात त्यांचं नाव होतं. माझ्या ऑफिसात ये, शिकशील, म्हणाले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी खुर्ची दारासमोर मांडून घेतली आणि सांगितलं, कोट काढायचा नाही. वर टिनाचं छप्पर, बाहेर वैशाखाचं ऊन. पक्षकार आत आला की ते माझ्याकडे बोट करायचे: "हे विलायतेहून आलेत. तुमचे कागद हेच पाहणार आहेत." पक्षकार हात जोडायचा. मी मान हलवायची. कागद मला कधीच मिळाले नाहीत. एकदा मी दावा लिहायला मागितला, तर म्हणाले, "दावे मुन्शी लिहितो. तू बस."

मी बसलो. पाठीवरून घाम कमरेपर्यंत उतरायचा आणि मला माझीच शिसारी यायची. लग्नाच्या मांडवात दारावर उभं करतात त्या पुतळ्यासारखा झालो होतो. पण उठून जायला दुसरं दार नव्हतं, निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

श्रावणात साकोलीकडचा एक म्हातारा शेतकरी आला. सोबत त्याची विधवा सून होती. त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, गावतलावाच्या खाली होत्या, त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकायचं. गावातल्या एका बड्या असामीला दिवाळीच्या आधी तलाव रिकामा हवा होता, कारण तलावाच्या पोटातल्या ओल्या गाळात त्याला लाखोळी आणि गहू पेरायचा होता. त्यासाठी तो तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, वेळेआधी उघडायच्या बेतात होता. पाणी गेलं तर ऐन निसवणीत, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी, खालचं धान वाळणार.

म्हाताऱ्याने पिशवीतून गावच्या निस्तारपत्रकाची नक्कल काढली. त्या तलावाचं पाणी कोणी कसं वापरायचं हे त्यात लिहिलेलं होतं. इंग्लंडातल्या दोन वर्षांत मी जगभरचे निवाडे वाचले, पण हा कागद तेव्हाच पहिल्यांदा हातात घेतला. म्हाताऱ्याने माझ्या गावाचं नाव विचारलं, घरी किती धान होतं ते विचारलं. मग वकीलसाहेबांना सोडून मलाच म्हणाला, "तुमी पाहा बाप्पा. तुमाले समजंल."

त्या रात्री नाही झोपलो वगैरे म्हणणार नाही. उलट फार खूश होतो. वकीलपत्रावर वकीलसाहेबांच्या सहीखाली माझी सही झाली, दावा दाखल झाला, आणि मनाई हुकमाच्या अर्जाला अश्विनातली तारीख मिळाली.

तारखेच्या चार दिवस आधी मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो, तर ओसरीवर ती बडी असामी बसली होती. पायाशी टोपली, टोपलीत मरळ मासे. मला पाहून तो उठला, नमस्कार केला आणि निघून गेला. वकीलसाहेबांनी मला जेवायला थांबवून घेतलं. ताटात त्याच माशांचा रस्सा होता. कुठल्या तलावातले मासे हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. मी ते खाल्ले. चांगले लागले, हेही लिहून टाकतो.

जेवण झाल्यावर वकीलसाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेच्या कॉलेजात कायद्याच्या व्याख्यात्याची जागा आहे, मुलाखत सोमवारी, अध्यक्षांशी बोलणं झालंय. दुसरी, सोमवारची तलावाची तारीख पुढे जाणार आहे, म्हाताऱ्याला उगाच हेलपाटा नको, त्याला कार्ड टाकून दे.

मी विचारलं, तारीख पुढे जाणार हे नक्की का?

"नोकरी पायजे ना तुले?" ते म्हणाले, आणि पानाला चुना लावू लागले.

मी कार्ड लिहिलं. सोमवारी येऊ नये, तारीख पुढे गेली आहे, पुढची मागाहून कळवू. खाली माझी सही, आणि सहीच्या पुढे, तेव्हाच्या सवयीने, एलएल.एम. चौकातल्या पेटीत ते स्वतःच्या हाताने टाकलं.

मुलाखत अशी झाली. संस्थेचे अध्यक्ष एका मोठ्या टेबलामागे, बाजूला तीन माणसं. तिकडे थंडी किती असते, जेवणाचं काय करायचात, हे विचारून झालं. मग अध्यक्षांनी आपल्या पुतण्याला आत बोलावलं आणि मला म्हणाले, याच्याशी इंग्रजीत थोडं बोला, पाहू याला किती येतं. मी दहा मिनिटं त्या पुतण्याशी क्रिकेटवर बोललो. बाहेर आलो तर कारकुनाच्या टेबलाशी एक तरुण हजेरीपटावर सही करत होता. कारकून त्याला सर म्हणत होता. हे कोण, विचारलं. कारकून म्हणाला, हेच कायद्याचे नवे सर, एक तारखेपासून रुजू झालेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जाऊन कालचा बोर्ड पाहिला. वादी आणि वादीचे वकील गैरहजर, दावा काढून टाकला. वकीलसाहेब बार रूममध्ये होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तर म्हणाले, एक दावा गेला, शंभर येतील, तू मुलाखतीचं सांग. आजूबाजूचे दोघं तिघं हसले. त्या हसण्यावरून कळलं की हे सगळ्यांना माहीत होतं. खरं सांगायचं तर मलाही माहीत होतं. कार्ड लिहिताना माहीत होतं. रस्सा खाताना माहीत होतं.

साकोलीची बस धरायला मला तीन आठवडे लागले. तिथून पुढे चालत गेलो. तलाव चिखलाचा झाला होता, चार बगळे आणि मधोमध नांगराला जुंपलेली बैलजोडी. खालच्या बांध्यांत भेगा पडल्या होत्या. धान उभं होतं, पण लोंब्या हातात घेतल्या तर दाणा नाही, नुसती टरफलं. म्हातारा बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, बसला होता. मला पाहून उठायला लागला, तशी मला इतकी किळस आली स्वतःची की मी त्याला हाताने खाली बसवलं.

सगळं सांगितलं. मासे, मुलाखत, कार्ड. काही लपवलं नाही. तो ऐकत होता आणि एक लोंबी चोळत होता.

सून जवळच गवत कापत होती. तिने विळा थांबवला आणि विचारलं, "मंग लागली का तुमाले नोकरी?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं ते तरी झालं का, इतकंच.

"नाही," मी म्हणालो.

ती पुन्हा गवत कापू लागली. आजवर मला अनेकांनी अनेक शिव्या दिल्या आहेत, त्या बाईच्या त्या प्रश्नाइतकं काहीच लागलं नाही.

म्हाताऱ्याकडे कार्ड जपून ठेवलेलं होतं. ते मी मागून घेतलं. दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज मी स्वतः लिहिला, आयुष्यातला पहिला, आणि त्यासोबत माझं प्रतिज्ञापत्र जोडलं की वादी गैरहजर राहिला तो माझ्या या कार्डामुळे. अर्ज लिहिताना दोनदा फाडला. दोन्ही वेळा मी स्वतःला थोडं वाचवलं होतं.

वकीलपत्रावर त्यांचीही सही होती म्हणून सुनावणीला वकीलसाहेबही उभे राहिले. कार्डाची आपल्याला कल्पना नाही, पोरगा उतावळा आहे, बाहेर शिकून आल्यामुळे इथली रीत त्याला माहीत नाही, असं म्हणाले. न्यायाधीशांनी कार्ड उलटूनपालटून वाचलं.

"अक्षर तुमचं?"

"होय."

"लिहिताना तारीख खरंच पुढे जाणार आहे असं तुम्हाला वाटत होतं?"

"शंका होती," मी म्हणालो. "मला नोकरी हवी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर दया नव्हती, रागही नव्हता. चपलेला काही लागलं की माणूस जसं पाहतो तसं पाहिलं. मग लिहायला घेतलं. दावा पुन्हा सुरू झाला. पुढच्या पावसाळ्यात मनाई हुकूम मिळाला आणि त्या वर्षी तुडूम कार्तिकापर्यंत बंद राहिलं. वाळलेलं एक वर्षाचं धान मात्र कोणत्याच हुकमाने परत आलं नाही. सून त्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जात होती, हे म्हाताऱ्याने सहज बोलता बोलता सांगितलं.

भंडाऱ्याच्या बार रूममध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं. मी चहा मागवला की पोहोचायचा नाही. बाबांना कोणीतरी सांगितलं की तुमचा पोरगा गुरूवरच उलटला. बाबांनी मला बोलावून खरं काय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी इतकंच विचारलं, की ते मासे तू खाल्ले कायले? त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण वर्षभर जेवताना त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं नाही.

मी साकोलीला गेलो. तहसील कचेरीसमोर एक खोली घेतली. फेरफार, धुऱ्याची भांडणं, तलावाचं पाणी, असली कामं करू लागलो. तिकडे शिकलेल्यातलं काय उपयोगी पडलं म्हणाल तर थोडं लिहिणं, थोडा धीर. बाकी सगळं मला तलाठ्याने आणि अर्ज लिहिणाऱ्या एका म्हाताऱ्याने शिकवलं.

ऐंशीच्या दशकात कायद्याची नवी कॉलेजं निघायला लागली. एक दिवस माझ्या खोलीसमोर जीप थांबली. उतरलेला माणूस दूरच्या एका संस्थेचा सचिव होता, कधी न पाहिलेला. फार नम्रपणे बोलला. त्यांच्या कॉलेजची तपासणी होती आणि यादीत परदेशी पदवीचा एक प्राध्यापक दाखवायचा होता. वर्षातून दोन दिवस यायचं, सह्या करायच्या, कमिटीसमोर बसायचं. शिकवायची गरज नाही. हुद्दा प्राध्यापकाचा, पगार दरमहा घरी.

मी नको म्हणालो. त्याला आश्चर्य वाटलं. अडचण काय आहे, विचारू लागला, जाण्यायेण्याची गाडी आम्ही पाठवू म्हणाला. मी पुन्हा नको म्हणालो तेव्हा तो जरा घाईने उठला. जाताना विचारून गेला, की या भागात तुमच्यासारखं दुसरं कोणी आहे का.

माणूस बदलला, असं हे वाचून कोणाला वाटू नये. जीप वळणाआड गेल्यावर मी तहसिलात गेलो, एका फेरफाराची नोंद पाहायची होती. रांगेत उभा राहून मी मनातल्या मनात त्या पगाराचा हिशेब केला. बहिणीच्या पोरीचं लग्न ठरत होतं, खोलीचं छप्पर गळत होतं. पुढचे कितीतरी दिवस रस्त्यावर जीपचा आवाज आला की मी खिडकीतून बाहेर पाहत होतो.