हात मागे

संगणकाला बोटही न लावता संगणक शिकवणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत एकच असेल, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघावा, हे माझं नशीब. भाऊजी शाळांच्या वेबसाइट बनवतात आणि कडेगाव-विट्याकडच्या शिक्षकांना त्या चालवायला शिकवतात. नवी वेबसाइट आधी सासूबाईंच्या तडे गेलेल्या मोबाइलवर उघडते. "ह्यात शाळा कुठं हाय रं?" असं त्या म्हणाल्या, की आठवड्याचं काम मोडीत. शिकवायला मात्र वर्गात शिरले, की हात पाठीमागे. ते चहा आल्यावरच सुटतात. कुणाचा पडदा काळा पडो, कुणी रडकुंडीला येवो, भाऊजी आपले झेंडावंदनाला उभे. "संगणक आहे का विंचू?" असं एका गुरुजींनी चिडून विचारलं, तर म्हणाले, "गुरुजी, तुमी पोरांची गणितं सोडवून देता व्हय?" गुरुजी पुन्हा पडद्याकडे वळले. देत असावेत.

मीही त्या प्रशिक्षणाला होते. मुख्याध्यापिकेनं करायचं ते केलं: हजेरीवर सही ठोकली आणि मागच्या बाकावर बसून चाचणीचे पेपर तपासले.

ते गेल्या वर्षी अंगाशी आलं. माझ्या शाळेतली चौथीची एक मुलगी, घरची मेंढरं. आईबाप कळप घेऊन निघणार, म्हणजे वसतिगृह मिळालं तरच तिची पाचवी. ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. साडेचारला तिसऱ्यांदा फोटो नाकारला गेला. नेमके भाऊजी शाळेत आलेले. दारात मुलीची आई उभी. "बाई, न्हाई जमलं तर सांगा. घेऊन जाते तिला."

"भाऊजी, एवढं तुम्ही करा."

"आवं वैनी, पुढल्या वर्षी मी नसलो तर?"

"पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी! ही पोरगी आज जाईल मेंढरांमागं!"

"मग वादू नका. पडद्यावर काय लिवलंय, वाचा."

फोटो मोठा आहे, असं लिहिलं होतं. तिन्ही वेळा तेच लिहिलं होतं. मी फक्त लाल रंग बघून घाबरत होते. दात-ओठ खात फोटो लहान केला आणि पाचाला सहा मिनिटं असताना पोचपावती निघाली. आईनं हात पदराला पुसून पावतीची घडी घातली. भाऊजींना चार शब्द सुनावायला वळले, तर ते पाठमोरे होते. पाठीमागच्या हातांत रुमालाचा पिळून दोर झाला होता आणि बोटं पांढरी पडली होती. सुनावायचं राहिलं. चहा मागवला.

यंदा भाऊजी विदर्भातल्या शाळांना छळताहेत. ती मुलगी वसतिगृहातून पाचवी करतेय. मी परवा एका दुपारात पाच अर्ज भरले आणि त्यांना फोन लावला.

"काय अडलं, वैनी?"

"काही नाही."

"मग फोन कशाला केला?"

या प्रश्नाचं उत्तर काही पडद्यावर लिहिलेलं नव्हतं.